ग्रामीण काउंटीची आवक-जावक: आयआरएसच्या स्थलांतर फाइलींचं परीक्षण

अमेरिकेतल्या एखाद्या ग्रामीण काउंटीत (राज्याखालच्या, आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) वर्षभरात किती घरं आली, किती गेली आणि त्यांच्याबरोबर किती उत्पन्न हललं, हे दरवर्षी आणि फुकट सांगणारी सोय मुळात एकच आहे: तिथल्या प्राप्तिकर खात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या, सांख्यिकी विभागाने काढलेल्या स्थलांतर फाइली. बाकीच्या बहुतेक वेबसाइट आणि वर्तमानपत्री नकाशे याच फाइलींवर रंग चढवून देतात. मोठ्या शहरी काउंटीसाठी त्या उत्तम आहेत. ग्रामीण काउंटीसाठी मात्र अर्धी फाइल भरवशाची आणि अर्धी फसवी आहे. कुठला अर्धा कसला, हे खात्याच्या पानावर ठळकपणे लिहिलेलं नाही.

फाइल तयार होते ती अशी. दोन लागोपाठच्या वर्षांत भरलेली वैयक्तिक प्राप्तिकराची रिटर्नं करदात्याच्या क्रमांकावरून जुळवतात. दोन्ही रिटर्नांवरचे पत्ते वेगळ्या काउंटीतले असतील तर स्थलांतर, त्याच काउंटीतले असतील तर जागेवरच. २०२१–२२ च्या फाइलीत २०२१ मध्ये आणि २०२२ मध्ये भरलेल्या रिटर्नांची जोडी असते. घर या दोन रिटर्नांच्या मधे कधीही हललेलं असू शकतं, त्यामुळे ‘२०२२ मध्ये इतके आले’ असं वाक्य या आकड्यावरून लिहिता येत नाही. शिवाय २०२२ मध्ये भरलेलं रिटर्न २०२१ च्या कमाईचं असतं. त्यात फाइल बाहेर पडायला साधारण दोन वर्षं लागतात. ताज्या घडामोडींसाठी हे साधन नव्हेच.

प्रत्येक जोडीसाठी आवकेची एक फाइल आणि जावकेची एक, शिवाय राज्यपातळीच्या वेगळ्या. काउंटीच्या फाइलीत रकाने मोजके आहेत: आधीच्या आणि नंतरच्या राज्य-काउंटीचे फिप्स संकेतांक (सरकारने प्रत्येक राज्याला आणि काउंटीला दिलेले ठरावीक क्रमांक), समोरच्या काउंटीचं नाव, आणि एन१, एन२, एजीआय हे तीन आकडे. एन१ म्हणजे रिटर्नांची संख्या, जी घरांच्या जागी धरायची. एन२ म्हणजे माणसं. एजीआय म्हणजे समायोजित ढोबळ उत्पन्न (एकूण उत्पन्नातून काही ठरावीक वजावटी काढून उरणारं), आणि ते हजार डॉलरमध्ये असतं. हा हजाराचा गुणक विसरला की वीस लाखांची काउंटी वीसशे डॉलरवर येते, आणि असे तक्ते छापूनही आलेले दिसतात.

खरा घोळ बेरजेच्या ओळींचा आहे. त्याच तक्त्यात, खऱ्या काउंटींच्या ओळींमध्येच, एकूण आणि उपएकूण बसवलेले आहेत. राज्याच्या रकान्यात ९६ म्हणजे देशांतर्गत आणि परदेशी मिळून एकूण, ९७ म्हणजे देशांतर्गत (त्यातच काउंटी संकेतांक ००१ म्हणजे त्याच राज्यातून आणि ००३ म्हणजे दुसऱ्या राज्यातून), ९८ म्हणजे परदेशी. ५८ आणि ५९ या ‘इतर प्रवाह’च्या ओळी, अनुक्रमे त्याच राज्यातल्या आणि बाहेरच्या. ज्या ओळीत दोन्हीकडे तीच काउंटी आहे ती जागेवर राहिलेल्यांची. सगळा रकाना सरळ बेरजेला लावला तर तेच घर दोनतीनदा मोजलं जातं आणि वर न हललेलेही त्यात येतात. आधी ९६, ९७, ९८ आणि स्वतःची ओळ बाजूला काढून ठेवायची, मग उरलेल्यांवर काम करायचं. उरलेल्यांची बेरीज ९६ च्या ओळीशी ताडून बघितली की चूक तिथेच सापडते.

एक्सेलमध्ये फाइल थेट उघडू नये. अलाबामाचा संकेतांक ०१ आहे आणि तिथल्या पहिल्या काउंटीचा ००१. एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं आणि पाच अंकी संकेतांक जुळेनासे होतात. आयात करताना संकेतांकांचे चारही रकाने मजकूर म्हणून घ्यायचे, राज्याचे दोन आणि काउंटीचे तीन अंक जोडून पाच अंकी चावी बनवायची. प्रोग्रॅमने वाचताना न्यू मेक्सिकोतल्या ‘डोन्या आना’ काउंटीच्या नावावर फाइल अडकते. ती युटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) आहे असं गृहीत धरलेलं असतं, प्रत्यक्षात ती लॅटिन-१ या दुसऱ्या पद्धतीत असते. एन्कोडिंग बदललं की प्रश्न मिटतो.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा एका ग्रामीण काउंटीत जागेवर राहिलेली रिटर्नं १,८५०, गेलेली १५०, आलेली १४०. दर काढायला छेद म्हणून लोकसंख्या घेऊ नये. जी रिटर्नं जुळलीच नाहीत त्यांचा या फाइलीशी संबंध नाही. छेद घ्यायचा तो राहिलेले अधिक गेलेले, म्हणजे २,०००. जावक ७.५ टक्के, आवक ७ टक्के, निव्वळ उणे अर्धा टक्का. इथे थांबलं तर बातमी होते ‘काउंटी जवळपास स्थिर’. एन२ बघितलं की चित्र पालटतं. गेलेल्या १५० रिटर्नांवर ३३० माणसं असतील आणि आलेल्या १४० वर २४५, तर घरं दहाच कमी झाली, पण माणसं ८५ कमी झाली. दर रिटर्नमागे २.२ माणसं गेली आणि १.७५ आली, म्हणजे मुलंबाळं असलेली कुटुंबं जाताहेत आणि जोडपी किंवा एकटी माणसं येताहेत, अशी दाट शक्यता. शाळेच्या पटाची काळजी असणाऱ्याने एन१ पेक्षा हे गुणोत्तर आधी बघावं. संपूर्ण फाइलीतला हा सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि ग्रामीण भागासाठी सगळ्यात बोलका आकडा आहे.

त्याच उदाहरणात आलेल्यांचं एजीआय ९,८०० (म्हणजे ९८ लाख डॉलर) आणि गेलेल्यांचं ७,५०० (७५ लाख डॉलर) धरा. आलेल्याचं सरासरी उत्पन्न ७० हजार, गेलेल्याचं ५० हजार. घरं कमी झाली आणि उत्पन्न २३ लाखांनी वाढलं, असा निष्कर्ष निघतो आणि तो कागदावर बरोबर आहे. पण त्या १४० पैकी एकाच घराचं उत्पन्न २५ लाख असेल तर? ते वगळलं की उरलेल्या १३९ घरांचं ७३ लाख, सरासरी साडेबावन्न हजार, आणि निव्वळ फरक उणे २ लाख. सगळी वाढ एका घराची. फाइलीत मध्यक नाही, उत्पन्नाचे गट नाहीत, त्यामुळे हे घडलंय का हे काउंटीपातळीवर तपासताच येत नाही. वायोमिंगमधल्या टिटन काउंटीसारख्या ठिकाणी, जिथे अतिश्रीमंतांनी राज्याचा प्राप्तिकर नाही हेही बघून घरं घेतली आहेत, सरासरीला काही अर्थ उरत नाही. उपाय एकच: तीन किंवा पाच वर्षं एकत्र करायची, एजीआय महागाईनुसार एका वर्षाच्या डॉलरमध्ये आणायचं, आणि त्यातलं एखादंच वर्ष उंच उडालेलं असेल तर ते वेगळं दाखवायचं.

वयाचे आणि उत्पन्नाचे गट मिळतात ते फक्त राज्यपातळीच्या ढोबळ स्थलांतराच्या फाइलीत, फाइलिंग वर्ष २०११ पासून. त्यात दहा हजारांखालपासून दोन लाखांवरपर्यंत सात उत्पन्नगट आणि २६ खालपासून ६५ वरपर्यंत सहा वयोगट आहेत, आणि उत्पन्न दोन्ही वर्षांचं आहे. काउंटीच्या फाइलीत एका प्रवाहाला उत्पन्नाचा एकच आकडा, त्यामुळे हलल्यावर कमाई वाढली की घटली हे तिथे कळत नाही. राज्याची टक्केवारी काउंटीवर लादण्याचा मोह होतो. ग्रामीण काउंटीचा वयाचा साचा राज्यासारखा क्वचितच असतो, तेव्हा तो मोह टाळलेला बरा.

सर्वात मोठी तक्रार मात्र गोपनीयतेच्या उंबरठ्याची. कोणत्याही दोन काउंटींमधला प्रवाह २० रिटर्नांपेक्षा कमी असेल तर ती ओळ नावानिशी दाखवत नाहीत, ‘इतर प्रवाह’मध्ये ढकलतात. २०१३–१४ च्या फाइलीआधी हा उंबरठा १० होता. शहरी काउंटीला याने फरक पडत नाही. ग्रामीण काउंटीत फाइलीचा कणाच मोडतो. वरच्या उदाहरणातल्या १४० आलेल्या घरांपैकी शेजारच्या काउंटीतून ३४ आणि जवळच्या शहराच्या काउंटीतून २७ अशा दोनच ओळी नावाने दिसतील. उरलेली ७९ घरं, म्हणजे निम्म्याहून जास्त, ‘त्याच राज्यातले इतर’ आणि ‘दुसऱ्या राज्यातले इतर’ या दोन टोपल्यांत. दुसऱ्या राज्यातल्यांची विभागणी कधी ईशान्य, मध्यपश्चिम, दक्षिण, पश्चिम अशी प्रदेशवार मिळते, कधी एकत्रच. ‘आमच्याकडे सगळे शेजारूनच येतात’ हा समज अशा तक्त्यांतूनच पसरतो. लांबून येणारे विखुरलेले असतात, एकेका काउंटीतून दोनचार, आणि ते कधीच उंबरठा ओलांडत नाहीत.

हा प्रवाह समोरच्या काउंटीच्या जावक फाइलीतून शोधून काढू, अशी युक्ती अनेकांना सुचते. चालत नाही, तोच प्रवाह, तोच उंबरठा, तिथेही तो ‘इतर’मध्येच. काही ठिकाणी आकड्याऐवजी -१ असतो. याचा अर्थ आकडा झाकला आहे. तो बेरजेत गेला तर प्रत्येक झाकलेल्या ओळीमागे एक घर, एक माणूस आणि हजार डॉलर वजा होतात. वाचतानाच -१ ला रिकामी जागा करायचं. आणि १० वरून २० झाल्यामुळे उंबरठ्याच्या दोन बाजूंच्या वर्षांत ‘अमुक काउंटीतून येणारे बंद झाले’ असं वाटतं. ते बंद झालेले नसतात, नुसते दिसेनासे झालेले असतात. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं होती. तिथे २० रिटर्नांचा एक प्रवाह बनणार तरी कसा? अशा काउंटींसाठी ही फाइल उघडूच नये. जोवर राहिलेल्या आणि गेलेल्यांची बेरीज दीडदोन हजार रिटर्नांच्या वर जात नाही, तोवर एकूण ओळींपलीकडे काही वाचण्यात अर्थ नाही, हे आमचं मत.

एजीआयचा अर्थही ग्रामीण भागात वेगळा लागतो. ‘काउंटीतून इतके डॉलर निघून गेले’ या वाक्यात दोन चुका असतात. एक म्हणजे उत्पन्न सोबत जातंच असं नाही: गावातली नोकरी सोडून गेलेल्याच्या जागी दुसरा लागला की तो पगार काउंटीतच राहतो. निवृत्तिवेतनधारक किंवा घरून काम करणारा गेला तरच उत्पन्न खरोखर जातं. दुसरं म्हणजे एजीआय ही संपत्ती नव्हे. कॅलिफोर्नियातलं राहतं घर विकून कोणी ग्रामीण काउंटीत रोखीने घर घेतलं, तर त्या विक्रीच्या नफ्यातले एकट्याचे अडीच लाख आणि जोडप्याचे पाच लाख डॉलरपर्यंत करमुक्त, म्हणून एजीआयमध्ये दिसतच नाहीत. घरांच्या किमती मात्र त्याच पैशाने चढतात. सोशल सिक्युरिटीचा (सरकारी निवृत्तिवेतनाचा) जास्तीत जास्त ८५ टक्के भाग करपात्र होतो, कमी उत्पन्नवाल्याचा अजिबात नाही. त्यामुळे निवृत्त माणसं कागदावर आहेत त्याहून गरीब दिसतात. उलट शेतजमीन विकून निघालेल्याचा भांडवली नफा एका वर्षापुरता एजीआयमध्ये चढतो आणि पुढच्या वर्षी नाहीसा होतो. शेतीच्या तोट्याने एजीआय उणेही जातं, जमीन कोट्यवधींची असली तरी. शेतकरी काउंटीत सरासरी बिघडवणाऱ्या गोष्टी या अशा दोन्ही टोकांना आहेत.

फाइलीत कोण नाही, हेही बघायला हवं. ज्यांना रिटर्न भरावंच लागत नाही ते नाहीत: फक्त सोशल सिक्युरिटीवर जगणारे वृद्ध, अगदी कमी कमाईचे. आदल्या वर्षी कुठल्याच रिटर्नवर नसलेला तरुण पहिल्या नोकरीसाठी शहरात गेला तर जोडीला काही मिळत नाही, म्हणून तो गेलेल्यांत मोजला जात नाही. कॉलेजात शिकणारी मुलं आईबापांच्या रिटर्नवर गावीच राहतात. ग्रामीण भागाची सगळ्यात मोठी गळती अठरा ते पंचवीसच्या वयात असते आणि नेमकी तीच इथे सर्वात अंधुक आहे. मृत्यू तर या तक्त्यात येतच नाहीत. रिटर्न थांबलं की ते जुळत नाही, एवढंच. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मॅकडॉवेल काउंटीची लोकसंख्या १९५० मध्ये ९८,८८७ होती, २०२० मध्ये १९,१११. कोळसा गेला, माणसं गेली, आणि जी राहिली ती म्हातारी झाली. या शेवटच्या भागाचा हिशेब स्थलांतर फाइलीत शोधला तर सापडणार नाही.

उलट टोकाला नॉर्थ डकोटातली मॅकेन्झी काउंटी. तेलामुळे २०१० ते २०२० मध्ये ती ६,३६० वरून १४,७०४ वर गेली. तिथे कामाला आलेल्या कितीतरी माणसांचं घर दुसऱ्या राज्यात आणि रिटर्नवरचा पत्ताही तिथलाच. पत्ता हलला नाही की फाइलीत आवक नाही. रस्ते, पाणी, घरभाडं यांवरचा ताण बघायचा असेल तर तेलाच्या काउंटीत हे आकडे कमीच सांगतात.

वर्षांची मालिका लावताना तीन ठिकाणी सांधा आहे. २०१०–११ च्या फाइलीपर्यंत हे काम जनगणना खातं करायचं आणि सप्टेंबरअखेरपर्यंतचीच रिटर्नं धरायचं. मुदतवाढ घेणारे, म्हणजे बरेचदा जास्त उत्पन्नाचे किंवा गुंतागुंतीच्या व्यवहारांचे लोक, सुटायचे. २०११–१२ पासून आयआरएस पूर्ण वर्षाची रिटर्नं घेतं आणि मुख्य करदात्याबरोबर जोडीदाराचे क्रमांकही जुळवतं, त्यामुळे लग्न किंवा घटस्फोट झालेले हरवत नाहीत. बदल चांगला आहे, पण आधीची आणि नंतरची रेघ एकाच आलेखात जोडू नये. दुसरं, २०१४–१५ मध्ये देशभरच स्थलांतराचे आकडे अचानक खाली येतात आणि २०१६–१७ मध्ये वर उडतात. लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी यावर उघड इशारा दिला आहे, कारण त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याच स्रोतात असा हेलकावा नाही. आपल्या काउंटीत त्या वर्षी काय झालं असेल याची कारणं शोधत बसू नये. तिसरं, २०१८ च्या करवर्षापासून वैयक्तिक सवलत (रिटर्नवरच्या दर माणसामागे मिळणारी करसूट) शून्यावर आली, म्हणून एन२ आता सवलतींवरून न मोजता करदाता, जोडीदार आणि अवलंबितांवरून मोजतात. २०२० मध्ये करोनाकाळातल्या मदतीच्या धनादेशासाठी एरवी न भरणाऱ्यांनीही रिटर्नं भरली आणि मुदत १५ जुलैपर्यंत गेली. त्या आसपासची वर्षं जरा हात राखूनच वापरावीत.

जुन्या वर्षांच्या फाइली राज्यागणिक वेगळ्या एक्सेल फाइलींच्या गठ्ठ्यात आहेत, संकेतांकही वेगळे. एजीआय १९९५ पासूनच मिळतं. संकेतांक बदललेल्या काउंटी हाताने जुळवाव्या लागतात: साउथ डकोटातली शॅनन काउंटी २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झाली आणि ४६११३ चा ४६१०२ झाला, व्हर्जिनियातलं बेडफर्ड शहर २०१३ मध्ये त्याच नावाच्या काउंटीत विलीन झालं, अलास्कातली व्हाल्डेझ-कॉर्डोव्हा २०१९ मध्ये दोन तुकड्यांत गेली. ग्रामीण कोण हे फाइल सांगत नाही. त्यासाठी अमेरिकी कृषी खात्याचे १ ते ९ असे ग्रामीण-शहरी संकेतांक फिप्सने जोडावेत. ४ ते ९ म्हणजे महानगराबाहेरच्या. अभ्यासाच्या काळात एकच आवृत्ती धरावी, नाहीतर वाढलेली काउंटी मधेच ‘शहरी’ होते आणि ग्रामीण भागाची वाढ आपोआप गळते.

जनगणना खात्याच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे काउंटी ते काउंटी प्रवाह हा दुसरा पर्याय. त्यात रिटर्न न भरणारे आणि विद्यार्थीही येतात, दोनचार घरांचे प्रवाहही नावानिशी दिसतात. पण ते पाच वर्षांच्या नमुन्यावरचे अंदाज आहेत आणि ग्रामीण काउंटीत त्रुटीची मर्यादा, म्हणजे अंदाज किती चुकू शकतो तो पल्ला, बरेचदा अंदाजापेक्षाच मोठी निघते. ‘कुठून कुठून येतात’ याची यादी तिथून घ्यावी, संख्या घेऊ नये. त्याच खात्याचे वार्षिक लोकसंख्या अंदाज पडताळणीला लावले तर जपून: ६५ खालच्यांचं देशांतर्गत स्थलांतर तेही प्रामुख्याने आयआरएसच्याच रिटर्नांवरून काढतात. दोन्ही जुळले म्हणजे स्वतंत्र पुरावा मिळाला असं होत नाही. ६५ वरच्यांसाठी मात्र ते मेडिकेअरची, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याची, नोंदणी वापरतात, आणि निवृत्तांच्या काउंटीत तोच भाग जास्त उपयोगी. वयवार गळतीसाठी विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९५० च्या दशकापासून दशकागणिक काढलेले काउंटींचे निव्वळ स्थलांतराचे तक्ते आहेत. विशीतल्यांची जी जावक आयआरएसमध्ये दिसत नाही ती तिथे ठसठशीत दिसते.

पैसे घेऊन हाच डेटा नकाशात देणाऱ्या सेवांबद्दल: घेण्याआधी एक ग्रामीण काउंटी उघडून ‘इतर प्रवाह’ कुठे दाखवले आहेत ते विचारा. बऱ्याच नकाशांत ते गायबच असतात, कारण बाणाला दुसरं टोक नसतं. मग नकाशावरच्या बाणांची बेरीज आणि वर लिहिलेला एकूण आकडा यांत निम्म्याचा फरक पडतो. आयआरएसची फुकटची सीएसव्ही, म्हणजे साधी तक्त्याची फाइल, तीन ओळींत जे सांगते ते त्या नकाशात पैसे देऊनही मिळत नाही.